बोटवाल्याच्या मनगटाला लाल दोरी कशासाठी?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे आठ जण मालवणकडे फिरायला गेलो होतो. तारकर्लीला एका लहान मोटारबोटीत बसायच्या आधी बोटवाल्याने सगळ्यांना नारिंगी जाकिटे घालायला लावली. मी म्हटलं, मला नको. लहानपणापासून गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, पोहत आलोय, पावसाळ्यात या थडीवरून त्या थडीला गेलोय. तो म्हणाला, ‘घाला, नायतर उतरा.’ बोटीत बसल्यावर बघतो तर त्याच्या स्वतःच्या मनगटाला लाल रंगाची, टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळीची दोरी आणि तिचे दुसरे टोक इंजिनाला अडकवलेले. आमचे मेव्हणे म्हणाले, बोटवाला पळून जाऊ नये म्हणून मालकाने बांधून ठेवलाय! सगळे हसलो, पण उत्तर कुणालाच माहीत नव्हते. तर (१) ती दोरी कशाची? (२) ज्याला पोहता येते त्याला जाकीट कशाला? (३) आमच्याकडे पुरात बोट येते तेव्हा जाकिटे एका कोपऱ्यात रचलेली असतात. बोटीत आहेत म्हणजे वेळ आल्यावर घालता येतील. आधीपासून अंगावर चढवून उकडत कशाला बसायचे?
– एक वाचक, आष्टी (ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : तुमच्या मेव्हण्यांचा विनोद निम्मा खरा आहे. दोरी बांधलेली असते खरी, पण बोटवाला पळून जाऊ नये म्हणून नव्हे. बोट पळून जाऊ नये म्हणून.

लहान मोटारबोटीचे इंजिन बहुधा बोटीच्या मागच्या कडेला टांगलेले असते. त्याला आउटबोर्ड म्हणतात. चालक मागे बसून इंजिनाचा दांडा एका हाताने धरतो. दांडा फिरवला की वेग वाढतो, डावी-उजवीकडे ढकलला की बोट वळते. आता समजा, मोठी लाट आली किंवा पाण्याखालच्या खुंटाला धक्का बसला आणि चालकच पाण्यात पडला. सायकलवरून माणूस पडला तर सायकलही पडते. बोटीचे तसे नाही. इंजिन चालूच राहते आणि पंखा फिरतच राहतो. दांड्यावर हात नसल्यामुळे पंख्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळते आणि बोट जागच्या जागी गोल फिरू लागते. त्या गोलाच्या आतच कुठेतरी पडलेला माणूस असतो. बोट फिरून पुन्हा त्याच्याच अंगावर येते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर गिअरमधून उतरून पंख्याचे दोन-अडीच हजार होतात, म्हणजे सेकंदाला तीस-चाळीस. उसाच्या चरकात हात गेला तर काय होते हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. हा पंखा त्याहून वेगवान आहे आणि पाण्याखाली असल्याने दिसतही नाही.

लाल दोरीचे काम एवढेच, की चालक जागेवरून हलला की इंजिन बंद व्हावे. इंजिनावर एक लाल बटण असते आणि त्याच्या खाली प्लास्टिकची चिमटी सरकवलेली असते. चिमटी आहे तोवर बटण वर उचललेले राहते आणि इंजिन चालते. दोरीला हिसका बसला की चिमटी निघते, स्प्रिंगमुळे बटण आत जाते आणि ठिणगीची वीज जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या अंगाला जोडली जाते. ठिणगी गेली की पेट्रोलचे इंजिन तिथल्या तिथे थंड. मळणीयंत्राचा पट्टा काढल्यासारखे.

ही दोरी लावायचा कंटाळा केल्याची किंमत किती, याचे एक उदाहरण जगभरच्या बोटवाल्यांना सांगितले जाते. मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात, कॅमल नदीच्या मुखाशी एक सहा जणांचे कुटुंब वेगवान बोटीतून फिरत होते. एका वळणावर सगळेच्या सगळे पाण्यात फेकले गेले. दोरी कुणालाच बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्याच अंगावर पुन्हा पुन्हा आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीच्यांपैकी दोघांना जबर इजा झाल्या. दोरी बोटीतच होती. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून साधारण २६ फुटांपेक्षा लहान मोटारबोटींच्या चालकांना ही दोरी, किंवा तेच काम करणारे बिनतारी उपकरण, वापरणे सक्तीचे केले आहे.

दोन बारकावे इथेच सांगतो. दोरी मनगटाला बांधली तर ती सैल नसावी; ओल्या हातातून निसटते. मांडीला किंवा जॅकेटच्या पट्ट्याला अडकवली तर आणखी बरे. दुसरे म्हणजे, चालक पडला तर चिमटी त्याच्याबरोबर पाण्यात जाते आणि चिमटीशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही. मग बोटीतल्या लोकांनी त्याला आणायला जायचे कसे? म्हणून एक जादा चिमटी बोटीत ठेवायची असते आणि ती कुठे आहे हे चालकाखेरीज आणखी एकाला माहीत असायला हवे. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नसतेच, त्यामुळे पंपाचे डिझेल इंजिन बसवलेल्या आपल्याकडच्या देशी बोटींत ही सोय सहसा सापडत नाही. अशा बोटीत चालकाने बसूनच बोट हाकावी आणि दांड्याजवळची कड उंच असावी, एवढाच उपाय उरतो.

पोहणाऱ्याला जॅकेट कशाला?

तुम्ही गंगेत पोहत मोठे झालात, हे ऐकून बरे वाटले. पण पोहणे म्हणजे काय, हे एकदा आठवून पाहा. तुम्ही कपडे काढले, काठावर उभे राहिलात, पाण्याचा अंदाज घेतला, श्वास भरला आणि सूर मारला. बोट उलटते तेव्हा यातले काहीच घडत नाही. अंगावर पँट-शर्ट, पायात बूट, खिशात मोबाइल. श्वास सोडलेला असतानाच नाकातोंडात पाणी जाते. कधी बोटीची कड डोक्याला लागते, कधी बोट डोक्यावर उपडी पडते. आणि शेजारचा, ज्याला पोहता येत नाही, तो तुम्हाला मिठी मारतो. ती मिठी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटत नाही.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणात हेच झाले. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे प्रवासी बोट निघाली होती. वळवाचे वादळ सुटले आणि बोट उलटली. बोटीतला एक पोलिस अधिकारी पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत एकाच घरातले आईवडील आणि त्यांची दोन चिमुकली मुले होती. मृतदेह मिळायला दोन-तीन दिवस लागले. कडेवर दीड वर्षाचे मूल असलेल्या बापाला पोहता येत असले तरी तो काय करणार? पोहायला दोन्ही हात लागतात.

आणखी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सगळ्यात चोख आहे. इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात ९ फेब्रुवारी १८६१ रोजी मोठे वादळ झाले. जीवरक्षक बोटीवरच्या नावाड्यांनी त्या दिवशी आधी कित्येक खेपा करून बुडत्या जहाजांवरचे लोक काठावर आणले होते. शेवटच्या खेपेला त्यांचीच बोट उलटली. तेरापैकी बारा जण, सगळे जन्मभर समुद्रावर वाढलेले, काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. एकटा वाचला तो हेन्री फ्रीमन. बुचाच्या लाकडाचे नव्या धर्तीचे जॅकेट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्याच अंगावर होते.

बुचाचे जॅकेट विलायती असले तरी त्यामागची कल्पना आपल्याला नवी नाही. वाळलेले भोपळे एकत्र बांधून नदी ओलांडायची ती सांगड. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा तेलाचा रिकामा डबा बांधला नाही असा माणूस तुमच्या पिढीत विरळा. हा भोपळा एवढ्याशा जोरावर साठ-सत्तर किलोच्या माणसाला कसा तारतो? कारण माणसाचे शरीर पाण्याएवढेच जड आहे. पाण्यात पूर्ण उतरल्यावर आपले वजन जेमतेम उरते. तोंड पाण्याच्या वर ठेवायला एका प्रौढाला साधारण चार-पाच किलोंचा आधार पुरतो, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या वजनाएवढा.

लाइफ जॅकेटवर हा आधार न्यूटन या मापात लिहितात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो समजा. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला, शांत पाण्यात, काठाजवळ मदत म्हणून ठीक. नदी-धरणावर १०० न्यूटनचे हवे. खुल्या समुद्राला १५० आणि त्याहून वर. आकडा जॅकेटच्या आतल्या चिठ्ठीवर, माणसाच्या वजनाच्या मर्यादेसह छापलेला असतो.

भोपळ्यात आणि चांगल्या जॅकेटमध्ये खरा फरक मात्र आकड्याचा नाही. भोपळा पाठीला असतो. तो माणसाला तरंगवतो, पण बेशुद्ध पडला तर तोंड पाण्यात खालीच राहते. जॅकेटचा जाड फोम छातीवर असतो आणि मानेमागे कॉलर असते. त्यामुळे अंग आपोआप उताणे होते आणि तोंड आभाळाकडे राहते. पट्टीच्या पोहणाऱ्याला जॅकेट हवे ते याचसाठी. तुमचे पोहणे तुम्ही शुद्धीवर असेपर्यंतच तुमच्या कामाचे आहे. डोक्याला बोटीची कड लागल्यावर पुढचे काम जॅकेटचे.

‘बोटीत आहेत’ म्हणजे पुरे का?

तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक बोटींवर हाच समज चालतो. कारमधला सीटबेल्ट अपघात दिसल्यावर लावता येतो का? जॅकेटचेही तसेच. बोट उलटायला दोन-तीन सेकंद लागतात. शांत खोलीत, उजेडात, कुणी धक्काबुक्की करत नसताना नवख्या माणसाला जॅकेटचे तीन बंद लावायला मिनिटभर लागते. घरी घड्याळ लावून करून बघा. पाण्यात पडल्यावर तरंगते जॅकेट घालणे तर तरबेज माणसालाही जड जाते, कारण ते छातीखालून वर उसळत राहते. आणि कोपऱ्यात रचून दोरीने बांधलेला ढीग बोटीबरोबर उपडा होतो.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात वर करून ‘वाचवा वाचवा’ म्हणत नाही, हेही लक्षात घ्या. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते. मिळालेला क्षण श्वास घ्यायलाच पुरत नाही, ओरडायला कुठला? हात पाण्यावर दाबण्यात गुंतलेले असतात. शेजारी बसलेल्यालाही कळायच्या आत मिनिटाभरात सगळे संपते. अमेरिकेचे तटरक्षक दल दरवर्षी बोटींच्या अपघातांची मोजदाद करते. बुडून मेलेल्यांपैकी ज्यांची नोंद मिळते, त्यांतल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हे तिथे वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

आपल्याकडे हा धडा मुंबईने १८ डिसेंबर २०२४ ला शिकला. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. दोन्हीकडचे मिळून पंधरा जण दगावले. त्यानंतर गेटवेहून निघणाऱ्या प्रवाशांना काठावरच जॅकेट घालणे सक्तीचे झाले. तुमच्या तारकर्लीच्या बोटवाल्याने ‘घाला, नायतर उतरा’ म्हटले ते उद्धटपणाने म्हटले असे समजू नका. बोटीत चढायच्या आधी घातलेले जॅकेटच अंगावर राहते. बोट सुटल्यावर कोणी कुणाचे ऐकत नाही, हे त्याला रोजच्या अनुभवाने माहीत असते.

उकाड्याचे म्हणाल तर, पाण्यावर वारा असतो. आणि पंधरा-वीस मिनिटांचा घाम कुणाला मारत नाही.

तुमच्या गंगेचे काय?

मालवण तुमच्यापासून लांब आहे. वर्षातून एकदा जाल. पण बोटीची वेळ तुमच्यावर घराजवळच येऊ शकते. परतूर तालुक्याच्या उत्तर अंगाला दुधना आणि तिच्यावरच्या निम्न दुधना प्रकल्पाचे फुगवट्याचे पाणी, दक्षिणेला गोदावरी, पलीकडे माजलगाव. जायकवाडीच्या खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे एकामागोमाग झाले आणि तुमच्या लहानपणीची गंगा बदलली. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडीबैल घालता येत असे, तिथे आता वर्षातला बराच काळ खोल पाणी उभे असते. वाळूचे खड्डे वेगळेच. नदी ओळखीची आहे म्हणून पात्र ओळखीचे असेलच असे नाही. या थडीवरून त्या थडीला गेल्याचा अनुभव त्या जुन्या नदीचा आहे.

बंधाऱ्याचा आणखी एक धोका चांगल्या जॅकेटलाही पुरून उरतो. बंधाऱ्यावरून किंवा दारांतून पाणी खाली पडते, तेव्हा ते तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावरून उलटे बंधाऱ्याकडेच वाहते. वरून पाहताना तिथे नुसता फेस दिसतो. त्या फेसात निम्मी हवा असल्याने तो ना माणसाला नीट उचलतो ना बोटीला. पंखाही हवेतच फिरल्यासारखा फिरतो. त्यात सापडलेली वस्तू गरगरत तिथेच राहते. २३ मे २०२४ रोजी, उजनीच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांना शोधायला उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात उलटली. दलाचेच तीन जवान गेले. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची ही गत होते, तर आपण काय? बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी पडत असताना बोट घालायचीच नाही. दारे उघडणार असल्याचा भोंगा किंवा दवंडी झाली की नदीपात्रातून वर यायचे. मोटारी काढायला, जनावरे आणायला ‘एकच खेप’ नको.

पुरातल्या बोटीचे दुसरे दुखणे म्हणजे गर्दी. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटून सतरा जण बुडाले. बोट सोडवणुकीसाठीच आली होती. पण पाणी चढत असताना ‘मला आधी’ म्हणत तिच्या पोटात मावतील त्याहून जास्त माणसे बसली. जास्त माणसांनी बोट का उलटते हे समजायला कडब्याची गाडी आठवा. कडबा जितका उंच रचाल, तितकी गाडी वळणावर कलंडते. बोटीत एक माणूस उभा राहिला की भार तसाच उंच जातो. आणि तळाला चार बादल्या पाणी साठले असेल, तर परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. म्हणून बोटीत खाली, मध्यावर बसायचे. कुणाचा फोटो काढायला सगळ्यांनी एका कडेला जायचे नाही. आणि साठलेले पाणी डब्याने उपसत राहायचे. पाणी उपसायचा दोरीने बांधलेला डबा हेही सुरक्षेचे साधनच आहे.

कायद्याने पाहिले तर अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये नदी-धरणांवरच्या यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता आणि जीवरक्षक साधने या सगळ्यांची तरतूद आहे. हा कायदा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. पण कायदा मुंबई-कोकणाच्या धक्क्यांवर जितका दिसतो, तितका मराठवाड्याच्या फुगवट्यावर दिसत नाही. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुले जायकवाडीच्या पाण्यावरून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जात. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गोदाकाठचे लोक ज्याला चप्पू म्हणतात तो हाच तराफा. चप्पूवर जाणाऱ्याला ना नोंदणी ना तपासणी. पण अंगावर जॅकेट असायला तर कुणाची परवानगी लागत नाही!

मग गावाने काय ठेवावे?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. तिथून गोदाकाठी पोचायला काही तास जाणारच. मदतीसाठी ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ लावाच, पण पहिले तास गावाचे असतात. म्हणून ग्रामपंचायतीने किंवा नदीकाठच्या वस्तीने पावसाळ्याआधी एवढे पाहावे :

जॅकेटे जितकी माणसे बसणार तितकी आणि त्यात लहान मुलांच्या मापाचीही. मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले तर पाण्यात ते कानावरून वर निसटते आणि मूल खालून सुटते. मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असतो. तो लावलाच पाहिजे. माप बरोबर आहे का ते बघायची सोपी रीत : जॅकेट घालून सगळे बंद लावा आणि खांद्यांना धरून वर ओढा. हनुवटीच्या वर गेले तर मोठे आहे.

बाजारात स्वस्त जॅकेटे मिळतात. काहींच्या आत फोमचे तुकडेच भरलेले असतात आणि उन्हात दोन वर्षे पडून राहिलेल्या चांगल्या जॅकेटचाही फोम भुगा होतो. पारख घरीच करा. जॅकेटला दुकानातले पाच किलोचे लोखंडी माप घट्ट बांधा आणि गुरांच्या हौदात किंवा टाकीत सोडा. प्रौढाचे नीट जॅकेट त्या वजनासह तरंगलेच पाहिजे. रात्रभर तसेच ठेवा. आंतरराष्ट्रीय चाचणीतही जॅकेट चोवीस तास गोड्या पाण्यात ठेवून त्याचा आधार पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटलेला चालत नाही. सकाळी बुडालेले दिसले तर ते जॅकेट फेकून द्या. ठेवून दिले तर ऐन पुरात कुणाच्या तरी अंगावर जाईल.

बोटीत दोन वल्ही असावीत, कारण इंजिन पुरात गवत-चिंध्या-साडी पंख्यात अडकून बंद पडते. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. ओरडण्यापेक्षा शिट्टी लांब जाते आणि दम लागत नाही. रात्रीसाठी बॅटरी. आग विझवायचे पावडरचे नळकांडे चालकाच्या हाताशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता बोटीच्या तळाशी साचते. म्हणून टाकी काठावर उतरवून भरायची आणि भरताना बिडी नको. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर ती विझत नाही, पसरते.

आणि शेवटची वस्तू, जी तुमच्या घरी आत्ताही आहे : कासरा. पाण्यात कुणी दिसले की आपल्याकडचा पहिला आवेग उडी मारण्याचा. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्या याच आवेगाच्या. उडी मारण्याआधी काहीतरी फेका. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, वाऱ्याने भरकटू नये इतके, पेलाभर पाणी त्यात टाका, झाकण घट्ट लावा आणि कानाला पंधरा-वीस मीटरचा कासरा बांधा. असा कॅन एका माणसाला तोंड वर ठेवायला पुरेल इतका आधार देतो, आणि दुसरे टोक काठावरच्याच्या हातात राहते. तो बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायचा आणि ओढत त्याच्या हाताशी आणायचा. दोरी हाताला गुंडाळून घ्यायची नाही, नाहीतर ओढले गेल्यावर सुटता येत नाही. नदीकाठच्या देवळाच्या खांबाला असा एक कॅन टांगून ठेवायला खर्च जवळजवळ शून्य आहे.

तुमच्या तारकर्लीच्या बोटवाल्याला पुढच्या खेपेला भेटलात तर त्याचे आभार माना. आणि आष्टीला पुराची बोट आली, तर जॅकेटचा ढीग कोपऱ्यात राहू देऊ नका. आधी काठावर सगळ्यांना वाटून घालायला लावा, मगच बोटीत पाय टाका. गावात पट्टीचे पोहणारे म्हणून तुम्हाला लोक ओळखतात ना? मग पहिले जॅकेट तुम्हीच घाला. तुमच्याकडे बघून बाकीचे घालतील.